बाबांचे घोडेस्वार

शहागड, रविवार, २७ नोव्हेंबर १९७७

डी.एड.ला असताना आमच्या मालनबाई सांगायच्या, ज्या माणसाशी भांडता येत नाही त्याच्याबद्दल वहीत लिहीत जा. तेव्हा कोणाबद्दल लिहावं ते सुचायचं नाही. आता सुचतं. बाबांबद्दल.

दिवाळीत बाबा आठ दिवस तापाने पडून होते. त्यातून उठले ते असे चिडके होऊन उठले की मी काहीही केलं तरी कमीच. पूर्वी बंगल्याच्या स्वयंपाकघरात ते मला उभंही करायचे नाहीत. पाटबंधारे खात्याचा बंगला, मोठमोठे साहेब उतरणार, तिथे खानसामा तातेराव यांचंच राज्य. आता दर पाच मिनिटांनी हाक येते, "बेबीनंदा, इकडं ये. हुंग. काय वास येतो सांग. चाख. मीठ कसं हाय?" मी सांगितलं की नुसतं "हं" म्हणतात. बरोबर की चूक, तेही नाही. पहिल्या वर्गात पास होऊन घरी आले आणि पुन्हा परीक्षेलाच बसले आहे.

आज उपअभियंता अण्णासाहेब जीप घेऊन आले होते. बाहेर उभे राहूनच बोलले. "हे बघा तातेराव, मागच्या रविवारी मुंबईच्या साहेबांना तुम्ही नासक्या दुधाचा चहा पाजलात. मी मध्ये पडलो म्हणून निभावलं. दहा तारखेला कालवा बघायला परदेशातले तीन पाहुणे येणार आहेत. त्या दिवशी काही कमीजास्त झालं तर माझाही इलाज चालणार नाही. औरंगाबादचा एक खानसामा अर्ज देऊन बसला आहे. मग हे क्वार्टरही सोडावं लागेल."

बाबांचं तोंड उतरलं. पण क्षणभरच. मग एकदम ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "जेवणाआधी घोडेस्वार देतो, साहेब."

अण्णासाहेब माळकरी. अंडंसुद्धा खात नाहीत. त्यांना काही कळलं नाही, मलाही नाही. मग बाबांनी सांगितलं. औरंगाबादच्या छावणीत, मिलिटरीच्या मेसमध्ये दहा वर्षं होते, तिथली ही वस्तू. एकेक झिंगा सोलायचा, बेकनच्या पट्टीत गुंडाळायचा, काडी टोचायची आणि तव्यावर कुरकुरीत करायचा. एका घासाचा एक. इंग्रजी नाव लांबलचक होतं आणि त्यात घोडा होता, म्हणून मेसमधले सगळे घोडेस्वार म्हणायचे. झिंगे आपल्या गोदावरीतले. बेकन तेवढं पुण्याहून मागवावं लागेल. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, खारवून धुरी दिलेलं, पातळ कापलेलं. हे ऐकून अण्णासाहेब दोन पावलं मागे सरकले. पण मागवतो म्हणाले.

रखमाजीमामा, म्हणजे बंगल्याचे चौकीदार, व्हरांड्यात ऐकत होते. म्हणाले, "ज्या दिशी ते डुक्कर बंगल्यात येईल, त्या दिशी म्या सुट्टीवर."

बुधवार, ३० नोव्हेंबर

आली! माझी ऑर्डर आली! जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, टेंभुर्णी, तालुका जाफराबाद. दोन जानेवारीला हजर व्हायचं. मी पाच वेळा वाचली. पोस्टमनला बाबांनी बळेच साखर खायला लावली आणि रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही वाटली. इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग मात्र डोळे मिटून बसले आणि विचारलं, "टेंभुर्णी किती लांब पडंल?" मी म्हटलं, अंबड, जालना, मग टेंभुर्णी, अख्खा दिवस. "मंग सुट्टीलाच येशील," म्हणाले. आणि लगेच, "जा. बिलकुल जा. हितं काय हाय?" मला घालवायची एवढी घाई कशाला, कळत नाही. जायचं तर मलाही आहे, पण थोडं अडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, २ डिसेंबर

थंडी वाढली. रखमाजीमामांना खोकला धरला आहे. कामं सोडून स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन खोकतात, अगदी खड्या आवाजात. आज बाबा कांदा परतत होते, तेवढ्यात मामा असे खोकले की बाबांनी दचकून तवा खाली घेतला. कांद्याच्या कडा नुकत्या काळ्या पडायला लागल्या होत्या. थोडक्यात वाचला. मी मामांना अडुळशाचा काढा करून देते म्हटलं तर नको म्हणाले.

घेणारच नाहीत. अकरा वर्षं झाली या बंगल्यावर दोघांना, पण मामांनी आमच्या हातचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. सगुणामामी फडक्यात भाकरी बांधून देतात, ती ते लिंबाच्या झाडाखाली बसून खातात. विचारलं की म्हणतात, "माहं पोट नाजूक हाय." अकरा वर्षं नाजूक पोट! एरवी माणूस लाख. आईच्या आजारपणात भर पावसात अंबडहून डॉक्टर घेऊन आले होते. म्हणून मीही पोटाबद्दल काही बोलत नाही.

रविवार, ४ डिसेंबर

आज रंगीत तालीम. बेकन अजून आलं नाही, म्हणून बाबांनी बोकडाच्या चरबीचे पातळ काप आणले. झिंगे घेऊन चतुराबाई भोईण आली. बाबा टोपलीवर वाकले आणि मग मलाच म्हणाले, "हुंग." चतुराबाईला राग आला. "तातेराव, धा वर्षं झाली, तुम्ही नुसतं लांबून सांगत व्हता की कवाचे हायेत. आता पोरीला हुंगाय लावून राह्यले?" मी हुंगले. नदीचा वास, ताजे होते.

काड्या करायचं काम माझ्याकडे. दात कोरायच्या तयार काड्या शहागडात कुठून मिळणार? मी लिंबाच्या काड्या घेतल्या. आमच्याकडे लग्नात पत्रावळी लिंबाच्या काड्यांनीच टोचतात. वाळलेल्या मोडत होत्या, म्हणून हिरव्या तोडल्या, छान चिवट. बारा झिंगे गुंडाळले, टोचले, बाबांनी तव्यावर तेल न घालता फिरवून फिरवून भाजले. दिसायला असे सुंदर झाले की काय सांगू.

बाबांनी एक खाल्ला. डोळे मिटून चावला. "बराबर जमलं," म्हणाले.

मग मी खाल्ला. कडूजहर! हिरव्या काडीचा सगळा कडूपणा गरम चरबीत उतरला होता. तोंड धुवायला धावले. बाहेर येऊन म्हटलं, "बाबा, कडू आहे!" तर बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "तू सांगतीस का न्हाई, ते बघत व्हतो."

म्हणजे पुन्हा परीक्षा! एवढं कडू तोंडात घेऊन चेहरा न हलवणं म्हणजे कमाल आहे. माझं डोकं असं फिरलं की संध्याकाळपर्यंत बोलले नाही. आता बाभळीचे काटे आणून उकळून ठेवणार आहे. पांढरे, लांब, टोकदार, आणि वास ना चव.

मंगळवार, ६ डिसेंबर

आज बाबासाहेबांचा स्मृतिदिन. चूल साधीच, वरण भात. पांढरे कपडे घालून दोघं विहारात गेलो, मेणबत्त्या लावल्या, वंदना घेतली. बाबांनी उदबत्ती पेटवली आणि लावायच्या आधी कितीतरी वेळ नाकाशी धरून उभे होते. मागे रांग खोळंबली. शेवटी मी कोपराने ढोसलं.

येताना म्हणाले, "आपल्या पैल्या पिढीतली तू मास्तरीण. तुह्या आईनं पाह्यलं पाह्यजे व्हतं." मला रडू आलं. मग परीक्षांबद्दल माफ करून टाकलं.

गुरुवार, ८ डिसेंबर

बेकन आलं आणि गेलंही. नीट लिहिते.

दुपारी पुण्याच्या ट्रकमधून एक पत्र्याचा डबा उतरला. भोवती बर्फाचं पाणी झालेलं पोतं. रखमाजीमामांनी डबा लांबून पाहिला, उपरण्याने नाक झाकलं आणि खरोखरच सुट्टी टाकून गावाकडे गेले.

मी झाकण उघडलं आणि भपकारा आला. जळकट, धुरकट, खारट आणि वर तुपकट. झोपडी जळून विझल्यावर जसा वास सुटतो तसा. मी ओरडले, "बाबा, हे नासलंय! जळलंय आणि नासलंय!"

बाबा आले. डबा हातात घेऊन नाकाशी नेला. इतका वेळ हुंगत होते की मला वाटलं आता त्यात तोंड घालतात की काय. पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. माझ्याकडे पाहिलं. "लई घाण येती का?" मी म्हटलं, "मला काय विचारता? दहा वर्षं तुम्ही मेसमध्ये होतात. मी जन्मात पाहिलं नाही. रोज रोज परीक्षा नको!" जरा जोरातच बोलले.

बाबांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "नासक्या चहानंतर आता नासकं मटण न्हाई देता येत. पुरून टाक." कुत्र्यांनी उकरू नये म्हणून डब्याचं झाकण घट्ट लावून मी तो परसात हातभर खोल पुरला. मागे वळून पाहिलं तर बाबा दारात बसून डोळे पुसत होते. मला वाटलं, पुण्यावाल्यांच्या रागाने.

परवा पाहुणे. बेकन नाही.

शुक्रवार, ९ डिसेंबर

आजचं आजच लिहून टाकते.

सकाळी अण्णासाहेबांनी माणूस पाठवला, बेकन आलं का? बाबांनी सांगितलं, "आलं म्हणावं. फसक्लास हाय." मी चाट पडले. बाबा खोटं बोलत नाहीत. माणूस गेल्यावर मी विचारलं की आता कुठून आणणार, तर भांडी लावायला लागले. मी रागारागाने कपडे घेऊन नदीवर गेले.

चारच्या सुमारास परत आले तर फाटकापासून करपल्याचा वास. धावत आत गेले. स्टोव्हवर दूध आटून काळंठिक्कर झालेलं, अख्ख्या घरात वास कोंडलेला. आणि बाबा तिथेच, दोन हातांवर, स्टोव्हकडे पाठ करून शांतपणे लसूण सोलत होते.

मी किंचाळले. त्यांनी मान वळवली. दुधाकडे नाही, आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "करपलं का?"

घशाला खवखव सुटेल असा वास होता, आणि त्यांनी विचारलं, करपलं का.

मी आधी स्टोव्ह बंद केला. हुंग. चाख. काय वास येतो. कडूजहर झिंगा. उदबत्ती. सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. मी मास्तरीण होणार म्हणे! घरातला माणूस महिनाभर मदत मागत होता आणि मी त्याला परीक्षा समजत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापात नाक गेलं. पैलं वाटलं, सर्दी हाय. मंग चव बी गेली. भाकर खातो तर कापूस खाऊन राह्यलो असं वाटतं. अंबडच्या डॉक्टरकडं गेल्तो. तो म्हणला, येईल तर येईल, न्हाईतर न्हाई."

"मला का नाही सांगितलं?"

"ऑर्डर यायची व्हती तुही. सांगितलं असतं तर गेली असतीस का?"

दोघंही रडलो. मग बाबांनीच आधी डोळे पुसले आणि मला फार मोठी गोष्ट सुचली. मला वास येतो, पण बेकनचा वास कसा असतो ते माहीत नाही. बाबांना माहीत आहे, पण येत नाही. मी म्हटलं, "बाबा, चांगल्या बेकनला कसा वास येतो? मला समजेल असं सांगा."

बाबांनी डोळे मिटले. "हुरड्याच्या आगटीजवळ बसून आलेल्या माणसाची घोंगडी हुंगली हाय का? तसा. त्याच्या खाली मिठाचा. आन् अगदी शेवटाला, लोणी कढवल्यावर बेरी राह्यती न्हाई का, तसा गोडूस."

"आणि नासलेल्याला?"

"आंबूस. ओल्या फडक्यासारखा. बोटाला चिकटंल, तार सुटंल."

मी कुदळ घेऊन परसात गेले. बाबा मागोमाग. डबा काढला, धुतला, पुसला, उघडला. पुन्हा तोच भपकारा आला. पण आज मी घाबरले नाही, डोळे मिटून हळूहळू वास घेतला. घोंगडी. होती! माझ्या आजोबांची घोंगडी, शेतावरून आल्यावर खुंटीला टांगायचे ती. तिच्याखाली मीठ. आणि अगदी शेवटाला, हो, बेरीचा गोडूस. आंबूस कुठेही नाही. बोट लावून पाहिलं, चिकटलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "हे चांगलं आहे."

"नक्की?"

"घोंगडीच आहे."

बाबा तिथेच मातीत बसले आणि हसायला लागले. म्हणाले, "खारवलेलं हाय, आठ दिस काही होत न्हाई त्याला. म्या आपला डबा धरून हुंगतोय हुंगतोय, तू नासलं म्हणतीस, आन् मला वाटलं गेलं की काय. विचारावं तर तुला समदं कळलं असतं." मीही हसले. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो आज आमचा पत्र्याच्या डब्यात पडला.

शनिवार, १० डिसेंबर

झालं! सगळं नीट पार पडलं. आधी हेच लिहिते, बाकी मागून.

चतुराबाईने पहाटे काढलेले झिंगे दिले. सत्तर निवडले. बाबा सोलत, पाठीचा काळा दोरा काढत आणि हळद, मिरी लावत. मी पट्टी गुंडाळून बाभळीचा काटा टोचत होते. मीठ घालायचं नाही, बेकनमध्येच आहे, हे बाबांनी तीनदा सांगितलं. आमचं काम आता ठरलं होतं. मी वास सांगायची, बाबा त्याचा अर्थ सांगायचे. "घोंगडीचा कमी झाला, बेरीचा वाढला." "मंग उलटव." "आता भाजलेल्या शेंगदाण्यासारखा." "उतरव, जल्दी!" महिनाभर ज्या प्रश्नांनी जीव नकोसा केला होता, त्यांची उत्तरं देताना आज मजा वाटत होती.

एकदाच गडबड झाली. मी पहिली ताटली पोशाखवाल्या शिपायाकडे द्यायला दारापर्यंत गेले, शिपाई जागेवर नव्हता, वेळ लागला. बाबा पाठमोरे दुसरी खेप मोजत होते. तेवढ्यात खिडकीतून खणखणीत खोकला. रखमाजीमामा! सुट्टीवर गेलेला माणूस परत कधी आला? उपरण्याने नाक गच्च दाबून धरलेलं, डोळे वटारलेले, आणि खोकतायत. बाबा गर्रकन वळले आणि तवा खाली घेतला. एकही जळला नाही. मामांच्या खोकल्याचा मुहूर्त असा चांगला कसा लागतो, देव जाणे.

शिपाई आत बाहेर करून बातम्या आणत होता. एका मिनिटात पहिली ताटली रिकामी. दुसरी मागितली. तिसरी मागितली. पाहुण्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या साहेबांनी खानसाम्याला बोलवायला सांगितलं. बाबा टोपी नीट करून गेले, मी दाराआड उभी. साहेबांनी बाभळीचा काटा दिव्याकडे धरून विचारलं, हे काय? बाबा मेसमधल्या इंग्रजीत म्हणाले, "रिव्हर साइड ट्री, सर." साहेबांनी काटा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

अण्णासाहेब स्वतः काही खात नाहीत, ते नुसते दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते म्हणे. जाताना त्यांनी बाबांचा हात धरला. "तातेराव, त्या औरंगाबादवाल्याचा अर्ज उद्याच परत पाठवतो. तुम्ही आहात तोवर हा बंगला तुमचाच."

बाबा आत आले, तवा उचलून घासायला बसले. मी म्हटलं राहू द्या, मी घासते. म्हणाले, "आज मला घासू दे." घासता घासता काहीतरी गुणगुणत होते.

रविवार, ११ डिसेंबर

एक संकट टळलं. पण माझ्या जागी उद्या कोण हुंगणार? मी सांगून टाकलं की मी टेंभुर्णीला जात नाही, जिल्हा परिषदेला कळवते. बाबांनी ताट बाजूला सारलं. "मंग म्या बी आजच राजीनामा देतो. तू शिकली ती मह्या भाजीत मीठ टाकायला का?" मी म्हटलं, हो. जेवण तसंच राहिलं. दोघंही हट्टी. आई असती तर दोघांच्याही पाठीत एकेक घातला असता.

शनिवार, १७ डिसेंबर

रखमाजीमामांनी आज मला लिंबाखाली बोलावलं. इकडे तिकडे बघत म्हणाले, "तू जा पोरी. नाकाचं म्या बघून राह्यलोय."

"कसलं नाकाचं?"

"तातेरावचं. मला म्हाईत हाय की. ताप उतरला त्याच्या तिसऱ्या दिशी दाळ लागली, वास व्हरांड्यात आला अन् हा गडी आपला उभा! तवाच कळलं. तवापासून खोकून राह्यलो." मग मान खाली घालून म्हणाले, "त्या नासक्या चहाच्या दिशी भाचीच्या लग्नाला गेल्तो. माहीच चूक झाली."

ज्या खोकल्याला मी अडुळसा द्यायला निघाले होते तो खोकला! नऊ तारखेला दूध करपलं तेव्हा मामा नव्हते. दहाला डुकराच्या वासातही आले.

"बाबांना माहीत आहे?"

"म्या कवा बोललो न्हाई. त्यांनी कवा इचारलं न्हाई. म्या खोकतो, ते तवा उतरवतात."

मला भरून आलं, पण मी खरं ते बोलले. "मामा, करपलं तर खोकून कळेल. मीठ कमी की जास्त, ते खोकून कसं कळायचं? ते चाखावंच लागतं. आमच्या स्वयंपाकघरात येऊन, आमच्या हातचं."

मामा फडक्यातली भाकरी तशीच बांधून उठले. बोलायला नको होतं की काय, असं दिवसभर वाटत राहिलं.

शनिवार, ३१ डिसेंबर

ट्रंक बाबांनी भरली, मी दोनदा रिकामी केली, त्यांनी पुन्हा भरली. शेवटी मी हरले. स्वयंपाक डोळ्यांनी आणि अंदाजाने करीन, असं बाबा म्हणतात. उद्या सकाळची साडेसातची एस.टी. आहे. मामा चौदा दिवसांत खिडकीशी खोकले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

टेंभुर्णी, रविवार, १ जानेवारी १९७८, संध्याकाळ

पोचले. खोली बरी आहे, शाळेच्या मागेच. घरमालकीण द्वारकाबाईंनी पाणी तापवून दिलं. पण मला सकाळचं लिहायचं आहे.

पावणेसातला बाबा बंगल्यात उतरलेल्या दोन साहेबांच्या दुपारच्या डब्यासाठी वरण करत होते. माझी ट्रंक दाराशी. मी शेवटचं म्हणून चमचा घेतला, तेवढ्यात उंबऱ्यापाशी कोणीतरी वहाणा काढल्या. रखमाजीमामा. अकरा वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल मी पाहिलं नव्हतं. ते आले, पातेल्याशी उभे राहिले, आणि बाबांपुढे उजव्या हाताचा तळवा धरला.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातला चमचा घेतला, वरणात बुडवला, फुंकर घातली आणि तळव्यावर रिकामा केला.

मामांनी तळवा तोंडाला लावला. चाखलं. पुन्हा चाखलं. बाहेर लिंबावर कावळे ओरडत होते.

"मीठ कमी हाय, तातेराव," मामा म्हणाले.

बाबांनी चिमूटभर टाकलं, ढवळलं, पुन्हा चमचा भरला. मामांनी पुन्हा हात पुढे केला.

"आता?"

"आता बराबर."

मग मामा माझ्याकडे वळून एकदम खेकसले, "उभी काय राह्यलीस? गाडी जाईल ना!" आणि माझी ट्रंक त्यांनीच डोक्यावर घेतली.